फट

चपला राईच्या तोंडाशी काढायच्या,
हा नियम देवाचा, बालवाडीचा नव्हे.
अकरा जोड. त्यातला एक उलट्या पायांचा,
तो दुर्वांकचा, रोजचाच.

नगरगावच्या वरच्या अंगाला
मार्चातही ओल धरून असते ही जागा.
बाई पुढे, मुलं मध्ये, मी मागे,
एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्यात मलमाची डबी.
मदतनीस म्हणजे शेपूट, असं मीच म्हणते.

बाईंनी तक्ता आणला नव्हता.
तक्त्यावर चिमणी आणि मोर एकाच मापाचे,
पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे.
इथे आधी कोणी दिसतच नाही,
नुसतं ऐकू येतं.
टुक् टुक् टुक्. तांबट.
"पंप चालू जालो," हंसिका म्हणाली.
"खरंच की, पंपच," बाई म्हणाल्या.
चूक म्हणायची त्यांना सवय नाही,
म्हणून मुलं बोलतात.

मग वरून कुणीतरी
भलंमोठं सूप पाखडत गेलं.
अकरा माना मागे.
पिवळी चोच, तिच्यावर आणखी एक ठेवल्यासारखी,
आणि लगेच पानंच पानं.
पुस्तकात धनेश, गावात ककणेर,
साईश म्हणाला, "हेल्मेट घाल्लेलो."
तेच नाव चाललं.

हेल्मेटवाल्याची बायको ढोलीत जाऊन बसते,
बाई सांगत होत्या,
दार लिंपून घेते,
चोचीपुरती फट ठेवते फक्त.
तो आणून देणार, ती खाणार,
अंडी, मग पिल्लं, महिनोन्महिने तिथेच.
"आणि शी?" अल्रिचने विचारलं.
"फटीतूनच. नेम धरून बाहेर."
यानंतर बराच वेळ
कोणी सरळ उभं राहू शकलं नाही.

सावरीच्या मुळांच्या दोन भिंती,
हंसिका आपणहून त्यांच्यात जाऊन बसली.
झावळ्या, पाचोळा, झऱ्याकडचा चिखल,
लिंपणारे नऊ, आणणारा एक.
दुर्वांक रुमडाची फळं वेचायला गेला
आणि वाटेत त्याला मुंग्यांची रांग भेटली.

रांग लांब होती.

मी उठून त्याला हाक मारणार,
तर बाईंनी नुसता हात आडवा केला.
चिखल वाळत होता.
फटीतून एक डोळा दिसत होता, मग तोही नाही.
बाकीची मुलं कंटाळून दगडांकडे वळली.
रडते की काय ही, मी मनात म्हटलं,
पदर खोचला,
पाऊल उचललं, ठेवलं.

शेवटी आला. मुठीत सात फळं,
दोन चेपलेली.
फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "आयलो."
आतून: "श्शू."
मग कुजबुज:
"एकटो शीळ घालता. वाट चुकिल्ल्या भुरग्यासारको."
आम्ही सगळे गप्प.
आणि खरंच, खाली झऱ्याशी,
सूर धरतो, सोडतो, विसरतो, पुन्हा पहिल्यापासून:
शीळकरी कस्तूर.
कितीतरी वेळ गात असणार,
आम्ही त्याच्यावरच बोलत होतो.

तिने आणखीही मोजले होते, अंधारात बसून.
एक सुक्या लाकडावर ठोकणारा.
एक म्हातारा खोकल्यासारखा.
एक मांजर, पण झाडावरचं.
बाईंनी वहीत तसंच लिहून घेतलं,
म्हातारा, मांजर,
खरी नावं घरी जाऊन शोधते म्हणाल्या.

हंसिका बाहेर यायला तयार नव्हती.
"पिलां जातकूच येतलें."
साडेअकरा वाजत आलेले, उसळ शिजायची होती,
खाली आया रस्त्यावर उभ्या असणार.
तिला दुर्वांकनेच काढलं.
एक फळ कमी चेपलेलं होतं, ते दाखवून.
भिंत अर्धी पडली, फट राहिली.
उरलेली सहा त्याने तिथेच ओळीने मांडली,
रात्री कोणाला भूक लागली तर.

दुसऱ्या दिवशी तिथे देठ दोन,
आणि बियांचा एक ओला ठिपका मुळावर.
"कोणें खाल्लीं?"
बाई वाकल्या, पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.
"मला ठाऊक नाही," म्हणाल्या.

अकरा जण एकदम बोलायला लागले.